चातुर्मासातले चार महिने

शुक्रवार, रात्र.

आषाढी होऊन गेली. नाशकात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय. आता तुळशीचं लग्न लागेपर्यंत स्थळांची बोलणी जरा थंडावतील. बायसेक्शुअल असल्याचं, म्हणजे मुलगेही आवडू शकतात आणि मुलीही हे, ज्याला किंवा जिला घरी सांगायचंय, त्याच्यासाठी वर्षातले हेच महिने सगळ्यात मोकळे, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय.

कारण असं, की स्थळ समोर असताना सांगितलं तर आईवडिलांना ते नकाराचं निमित्त वाटतं. आणि आपल्याच वाट्याला येणारा प्रश्न लगेच येतो, 'मुलीही आवडतात ना? मग ही मुलगी बघून घे.' ते दुष्टपणानं विचारत नाहीत. त्यांना खरोखर एक दार उघडं दिसलेलं असतं. फोटो आणि पत्रिका टेबलावर असतील तर ते दार ढकललं जातंच. म्हणून उत्तर आधी मनात घोळवून ठेवावं: 'कुणाबरोबर संसार करेन ते माणूस भेटल्यावर कळेल. ती बाई असेल की पुरुष, याचं वचन आज देता येणार नाही.' या दोन वाक्यांपुढे पहिल्या दिवशी जाऊ नये.

आयुष्यात कुणी असताना सांगावं की नसताना? शक्य असेल तर नसताना. सोबत मुलगा असेल तर 'त्यानंच बिघडवलं' म्हणून सगळा राग त्या पोरावर निघतो, त्याच्या घरापर्यंत फोन जातात. सोबत मुलगी असेल तर 'मग सांगतोस कशाला' म्हणून विषयच मिटतो. कुणीच नसताना दोष द्यायला तिसरं माणूस उरत नाही. बोलणं आपल्याबद्दलच राहतं.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्या घरांचं कॅलेंडर वेगळं. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरून व्यापाऱ्याचे पैसे हातात पडेपर्यंत त्या घरात दुसरं काही ऐकून घ्यायची ताकद नसते. आभाळ आलं की बापाला झोप नसते. तिथं पावसाळाच बरा, छाटणीच्या आधीचा. सिंहस्थ असेल तर पाहुणे मुक्कामी असण्याचे दिवस टाळावेत. भिंतीपलीकडे आत्या झोपलेली असताना हे बोलणं होत नाही. दहावी-बारावीचं वर्ष नको. अठरा पूर्ण व्हायच्या आत तर मी थांबायलाच सांगेन, कारण तेव्हा राहणं, शिकणं, फोन, सगळं त्यांच्या हातात असतं. वडिलांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली असेल तर काही आठवडे थांबावं. पण आई बीपीची गोळी घेते म्हणून दहा वर्षं थांबण्यात अर्थ नाही.

मुहूर्तापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पायाखालची जमीन. खोली, मेस, पेट्रोल, औषधं असा एकट्याचा महिन्याचा खर्च कागदावर मांडून त्याच्या सहापट रक्कम स्वतःच्या एकट्याच्या खात्यात असावी. इथं घोटाळा होतो तो सिमकार्डात. सिम वडिलांच्या नावावर, तोच नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला. वडिलांनी चिडून ते बंद केलं की ओटीपी गेला, पैसे असून हात रिकामे. म्हणून निदान दोन महिने आधी आपल्या नावावर सिम घेऊन बँकेत आणि आधार केंद्रात नंबर बदलून घ्यावा. मार्कशीट, जन्मदाखला, पासपोर्ट यांच्या मूळ प्रती कुठल्या कपाटात आहेत ते माहीत असावं, डिजिलॉकरमध्ये जे येतं ते आणून ठेवावं. घरच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडं राहिलेलं नाही ना, हेही बघावं. आपण सांगायच्या आधी स्क्रीननं सांगितलं तर निवडलेली वेळ वाया जाते.

ज्या घरात पूर्वी हात उचलला गेलाय, कोंडून ठेवलं गेलंय, तिथं घराबाहेर राहायला लागल्यावरच सांगावं, तेही फोनवरून. यात भेकडपणा काही नाही. धोका वाटला तर 112, वकिलाची मोफत मदत हवी असेल तर विधी सेवेचा 15100, मनावर ताण असह्य झाला तर टेलिमानसचा 14416. तिन्ही नंबर पाठ असावेत.

शब्दांचं काय? 'उभयलिंगी' म्हणू नये. शाळेच्या विज्ञानात तो शब्द जास्वंदीच्या फुलासाठी येतो, आणि ऐकणाऱ्याला शरीरात काही वेगळं आहे असं वाटून आई थेट डॉक्टरवर जाते. सरळ सांगावं, 'मला मुलगेही आवडू शकतात आणि मुलीही.' पाठोपाठ, 'एकाच वेळी दोघांशी संबंध ठेवणं असा याचा अर्थ नाही.' हा गैरसमज हटकून होतो आणि बोलून दाखवला जात नाही.

आधी एकट्या आईला सांगायची पद्धत आहे. ठीक, पण मग तिच्या पदरात गुपित बांधून सोडू नये. 'बाबांना मी पंधरा दिवसांत सांगेन, तोवर तू ओझं घेऊ नकोस' असं म्हणून तारीख पाळावी. बातमी मामाकडून वडिलांपर्यंत गेली तर त्यांना मुलाच्या वेगळेपणापेक्षा आपण शेवटी कळलेले, हेच जास्त लागतं. दिवस साधा निवडावा, जेवणं उरकल्यानंतरचा. वणीच्या वाटेवर गाडीत सांगू नये, चालवणारे बाबा असतात.

'कायद्यात बसतं का?' सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. पण 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही, हेही लपवू नये. 'डॉक्टरला दाखवू' म्हणाले तर हा आजार नाही, आणि 'बदलून देतो' म्हणणारे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये गैरवर्तन ठरवलेत, एवढं सांगावं.

नाशकात आणखी एक होतं. त्र्यंबक जवळ. दोष निवारणासाठी नारायण नागबळीची पूजा करू म्हणतात, तीन दिवस. यावर मला बराच विचार करावा लागला. पूजेला बसावं की नाही ते संकल्पावर ठरवावं. घरातल्या शांतीसाठी असेल तर बसायला हरकत नाही. 'हा सुधारावा' म्हणून पाणी सोडायचं असेल तर नम्रपणे, पण उठावं.

त्या रात्री उत्तर मागू नये. इंदिरानगरातल्या किंवा कुठल्याही मित्राला आधी सांगून ठेवावं की दहा वाजता फोन करेन, नाही केला तर तू कर. आणि सकाळी घरातच असलो तर रोजच्याच वेळी उठून दूध तापवावं, आईच्या गोळ्या पुढं ठेवाव्यात.