चौकटीबाहेरचा पतंग

जुलैत आमच्या गंगापूर रोडवरच्या गॅलरीत परदेशी कलाकारांच्या व्हिडिओंचं प्रदर्शन होतं. मांडणी माझ्याकडे होती. चित्रं टांगायचा हात बसलेला आहे, पण व्हिडिओला अंधार लागतो आणि आमच्या हॉलला रस्त्याच्या बाजूनं तीन मोठ्या खिडक्या. मंडपवाल्याकडून काळं कापड भाड्यानं आणलं, दुहेरी लावलं, तरी दुपारी दोनच्या सुमारास एका फटीतून उजेडाची रेघ नेमकी चित्रावर यायची. ती फट बुजवण्यातच पहिली दुपार गेली.

तीन कामं होती. फिश्ली आणि वाइस या स्विस जोडीची १९८७ची अर्ध्या तासाची फिल्म होती. तिच्यात टायर, फळ्या, किटल्या, फटाके एकमेकांना ढकलत पुढं जात राहतात. तिच्यासमोरून पोरं हलायची नाहीत. बाकीचे दोन व्हिडिओ फ्रान्सिस अलीसचे. हा मूळचा बेल्जियमचा, शिकलेला वास्तुशास्त्र, आणि १९८६ पासून मेक्सिकोत. १९९७ मध्ये त्यानं मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवरून बर्फाची भलीमोठी लादी ढकलत नेली, नऊ तासांहून जास्त, ती पार विरघळेपर्यंत. सुरुवातीला तो वाकून दोन्ही हातांनी ढकलतो. शेवटी तुकडा इतका लहान होतो की पायानंच टोलवत चालतो. त्यानं आपले बरेच व्हिडिओ सगळ्यांना बघायला मोफत खुले ठेवलेत, ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे.

दुसरा व्हिडिओ आतल्या खोलीत. जगभरच्या मुलांचे खेळ अलीस १९९९ पासून टिपतोय, त्यातलाच हा, २०११चा, अफगाणिस्तानातल्या बल्खमधला. एक मुलगा पतंग उडवतोय, एवढंच. कॅमेरा मुलावर. मांजा इतका बारीक की दिसत नाही, आणि पतंग वर, चौकटीच्या बाहेर. आपल्याला दिसतात ते फक्त हात. चारेक मिनिटं.

नाव ‘पापालोते’. मेक्सिकोत पतंगाला हेच म्हणतात; तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या फुलपाखराच्या शब्दावरून ते आलंय. हे सगळं, आणि तालिबानच्या पहिल्या राजवटीत पतंगावर बंदी होती तेही, मी खोलीच्या दारातच एका फलकावर लिहिलं होतं. मेहनतीनं, चार वेळा खोडून. लोक फलक शेवटपर्यंत वाचायचे, आत एक नजर टाकायचे आणि पुढं जायचे. दोन दिवस मी हे बघत होते आणि आतून खट्टू होत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कापडाचं भाडं न्यायला मंडपवाल्याचे टेंपोवाले काका आले. बाहेर धो धो पाऊस. म्हटलं, ‘काका, थांबा जरा, आत बसा.’ ते ओले पाय पुसून आतल्या खोलीत गेले. फलकाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पाचेक मिनिटांनी आतून आवाज आला, ‘ढील दे, ढील दे!’

मी धावत गेले. काका उभे होते, मान वर, नजर भिंतीवरच्या चित्राच्याही वर, छताच्या कोपऱ्याकडे. मला म्हणाले, ‘ताई, तिथं आहे पतंग. वर, डाव्या अंगाला. वारा पडलाय, म्हणून पोरगं ठुमक्या देतंय. बघा, मनगट बघा.’

मी ते मनगट दोन महिन्यांत किती वेळा पाहिलं असेल! ते काय करतंय हे पहिल्यांदा कळत होतं. छोटे छोटे झटके म्हणजे वारा कमी. हात एकदम सैल सुटले म्हणजे पतंगानं वारा धरला. दोन्ही हात भराभर छातीशी येतात, म्हणजे खेच. काका बोलत होते आणि त्यांचे हात आपोआप तेच करत होते. प्रोजेक्टरच्या झोतात त्यांची सावली मुलाशेजारी पडली होती.

काका येवल्याचे निघाले. मग काय विचारता! भोगी, संक्रांत, कर, तीन दिवस अख्खं गाव घरांच्या धाब्यांवर; फिरकीला तिथं आसारी म्हणतात; समोरचा पतंग कापला की ‘गई बोला रे धिन्ना’. उजव्या हाताची तर्जनी त्यांनी माझ्यापुढं धरली. पहिल्या पेराच्या आतल्या बाजूला तीन आडव्या पांढऱ्या रेघा, मांजानं कापलेल्या, चाळीसेक वर्षांपूर्वीच्या. ‘ह्या पोराच्या बोटालाही असणार,’ ते म्हणाले.

व्हिडिओ त्यांनी पाच वेळा पाहिला. पाचव्या फेरीला एका जागी चुकचुकले. ‘इथं उशीर केला त्यानं. आधीच सोडायला पायजे होता.’

मी विचारलं, ‘मग कटला का?’

‘नाही. पण वाचला बघा थोडक्यात.’

पाऊस ओसरल्यावर भाडं घेऊन ते गेले. मी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि फलक दारातून काढून बाहेर पडायच्या वाटेवर लावला. दुसऱ्या दिवसापासून खोलीत आधी अंधार, मग हात. थांबणारे जास्त झाले. एक कॉलेजची मुलगी तर खाली फरशीवर बसून वर छताकडे बघत होती.

प्रदर्शन आणखी आठ दिवस चाललं. रोज बंद करायच्या आधी मी तो व्हिडिओ एकदा उभ्यानं बघायचे. काकांनी दाखवलेली ती जागा जवळ आली की माझ्या तोंडून हळूच निघायचं, ‘सोड, आता सोड.’