पावसाळ्यात ठोकळे का नाहीत?

"ताई, गणपतीच्या आधी बारसं आहे, तेवढे नावाचे ठोकळे द्या की ओ." जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत आठवड्यातून एकदा तरी असा फोन येतो. मी म्हणते, दसऱ्यानंतर देते. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "घरात बसूनच तर करता, मग पावसाचा आणि त्याचा काय संबंध?" तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते. फोनवर सांगायला गेलं की कारण काढल्यासारखं वाटतं, आणि मला ते कुणाला वाटू द्यायचं नाही.

ज्यांनी माझं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते. घरच्या घरी लाकडाचे पाच सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे घासून, त्यांवर कागद चढवून, कागदाचीच अक्षरं, फुलं, कोयऱ्या कापून चिकटवते. बारशाला, वाढदिवसाला, रुखवताला लोक घेऊन जातात. एकेका घरात ठोकळे एका ओळीत मांडले की बाळाचं नाव तयार होतं.

आता ही नावाची गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. इंग्रजी नाव असेल तर एक अक्षर, एक ठोकळा, आणि अक्षरं एकमेकांना शिवतही नाहीत. आपल्या लिपीत तसं चालत नाही. शर्वरी हे नाव घ्या. श, र्व आणि री असे तीन ठोकळे. र्वच्या डोक्यावर रफार, रीच्या डोक्यावर वेलांटी, म्हणजे वर जागा सोडावी लागते. मी शिरोरेषा वरच्या कडेपासून बरोबर तेरा मिलिमीटरवर धरते. तीन ठोकळे शेजारी ठेवले की ती रेघ एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर सरळ गेली पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी डोळ्याला टोचतो. आपण लहानपणापासून ती रेघ पट्टीने ओढत आलोय, त्यामुळे ती तुटली की ज्याला कलेतलं काही कळत नाही त्यालाही काहीतरी चुकलंय हे कळतं.

२०१८च्या जुलैत मी एका बारशासाठी चार ठोकळ्यांचं नाव केलं होतं. बाहेर धुवाधार, घरात ओल, पण काम वेळेत दिलं. सगळ्यांना आवडलं. दिवाळीत फराळाला त्या घरी गेले. शोकेसमध्ये माझे ठोकळे ओळीने मांडलेले. लांबूनच दिसलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षराच्या मध्ये शिरोरेषेला पायरी पडलीय. जवळ गेले, ठोकळा हातात घेतला. कडेला कागद लाकडाच्या बाहेर आला होता, नख अडकेल इतका. एका कोपऱ्यात तो उचललेला होता आणि वरचं पॉलिश ढगाळ पांढरं पडलं होतं. बाळाची आई म्हणाली, "तोंडात घालायला लागलीय ना, म्हणून वर ठेवलेत." त्या बिचारीने तक्रार केली नाही. मीच ते चार ठोकळे पिशवीत घालून घरी आणले. त्या दिवशी चिवडा कसा खाल्ला ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडून मी लाकूड कापून आणते त्या सुतारमामांकडे गेले. त्यांनी चारही ठोकळे उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "ह्यातले दोन उभे कापलेत आन् दोन आडवे, हे कळलं का तुम्हाला?" मला कळलं नव्हतं. मी चौकोनी ठोकळा म्हणजे सगळीकडून सारखाच समजत होते. मामा म्हणाले, "झाड उभं वाढतंय. उभ्यात लाकूड हलत न्हाई, आडव्यात हलतंय."

एवढं एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर! लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं, कोरड्या हवेत ती सोडतं आणि आकसतं. पण रेषांच्या दिशेने, म्हणजे झाड ज्या दिशेने उंच गेलं त्या दिशेने, हा फरक जवळजवळ शून्य असतो. रेषांना आडवं मात्र पाच सेंटिमीटरच्या पाईनमध्ये जुलै ते डिसेंबर पाऊण मिलिमीटरपर्यंत जातो. माझे दोन ठोकळे उंचीत आकसले होते, दोन रुंदीत. म्हणून रेघ तुटली. तेव्हापासून नावाच्या प्रत्येक ठोकळ्याची रेषा मी उभीच ठेवते. हिवाळ्यात ठोकळा रुंदीत बारीक होईल, पण उंची तशीच राहील आणि शिरोरेषा हलणार नाही. दोन ठोकळ्यांमध्ये केसाएवढी फट पडली तर कुणाला दिसत नाही.

मग प्रश्न सुटला की, असं तुम्ही म्हणाल. शिरोरेषेचा सुटला. कागदाचा नाही.

फुगलेल्या ठोकळ्यावर मापात कागद चिकटवला आणि नंतर लाकूड आत गेलं, तर त्या कागदाने जायचं कुठे? तो कडेने बाहेर येतो, नाहीतर मध्ये फुगा धरतो. उलट मार्चमध्ये कोरड्या ठोकळ्यावर लावलेला कागद पुढच्या पावसाळ्यात ताणला जातो, पण ताणलेला कागद सपाट बसून राहतो. पाऊस गेला की लाकूड आपल्या मूळ मापावर येतं आणि कागदही. फरक इतकाच आहे, आणि सगळा त्यातच आहे.

कागद कुठला घेता, हेही बरेच जण विचारतात. मी हातकागद वापरते. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, पुण्याला गेले की तिथून पाच-सहा रंग घेऊन येते. तो कागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करतात, त्याला झाड लागत नाही. पण मी तो घेते ते वेगळ्या कारणासाठी. कारखान्यातल्या कागदात यंत्राच्या ओघात तंतू एकाच दिशेला झोपतात. झेरॉक्सचा कागद फाडून बघा, एका बाजूने सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. असा कागद ओला झाला की एकाच दिशेला जास्त वाढतो आणि सुरळी होतो. हाताने चाळणीवर उचललेल्या कागदात तंतू सगळीकडे पसरलेले असतात, त्यामुळे तो चारी बाजूंना सारखा वाढतो. लाकूड आडवं-उभं करतंय, निदान कागदाने तरी करू नये.

आता आपल्या कोल्हापूरच्या पावसाबद्दल. शहरात तसा वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तिकडे गगनबावड्याला पाच हजाराच्या वर पडतो आणि त्याची हवा इथपर्यंत येते. आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न चहाचा नसतो, पंचगंगा किती फुटांवर आहे हा असतो. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आमच्या पोरांना पाढ्यांआधी येतं. २०१९ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा मी घासलेले ठोकळे आणि कागदाची बंडलं रातोरात माळ्यावर चढवली होती. पाणी आत आलं नाही, पण पुढचे दोन महिने भिंती घामेजलेल्या होत्या. अशा घरात मीठ पातळ होतं, पापड मऊ पडतात. कागदाचं वेगळं काय होणार?

ओल खरंच किती, हे बघायला मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरते. एक कोरा ठोकळा ठरवून ठेवलाय, त्याच्यावर पेन्सिलने "माप" असं लिहिलंय, त्याला कधीच कागद लावायचा नाही. मे महिन्यात तो ५७ ग्रॅम भरतो. जुलै संपताना ६१. पाच सेंटिमीटरच्या तुकड्यात चार ग्रॅम पाणी, आणि हात लावला तर कोरडा ठणठणीत लागतो. तोच ठोकळा माझ्या कामाचं कॅलेंडर आहे.

हेअर ड्रायर मारा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी मारून पाहिलाय. वरचा पापुद्रा वाळतो, पोटातली ओल तशीच राहते आणि आठवड्याने वर येते. उन्हात ठेवलं तर टोकाकडून चिरा जातात, कारण तोंडाच्या बाजूने पाणी सगळ्यात भरभर बाहेर पडतं. लाकूड सावलीत, वारं खेळेल असं, मध्ये पट्ट्या घालून रचायचं आणि थांबायचं. त्याला दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

पॉलिशचंही तेच. लॅकर कोंदट हवेत मारलं की त्यातलं द्रव्य उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि ते दुधाळ होतं. त्या दिवाळीतल्या ठोकळ्यावरचा ढग तोच होता. पाण्यातलं वार्निश वापरलं तर चार-चार दिवस बोटाला चिकटतं. ज्या वस्तूला सहा महिन्यांचं बाळ जीभ लावणार आहे तिच्यावर मी अर्धवट वाळलेलं काही देणार नाही. यात घासाघीस नाही.

मग चार महिने काय करता? रिकामी बसत नाही. २०१८ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या मखराला कागदाची मागणी आलीय आणि ती मी आवडीने घेते. मखर दहा-बारा दिवस टिकलं की त्याचं काम झालं, वर्षानुवर्षं शिरोरेषा सांभाळायची नसते. जाड, ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारं) कार्डशीट घेते आणि डिंक जवळजवळ लावतच नाही. पाकळ्या, कमानी, खांब सगळं खाचेत खाच अडकवून उभं करते. घडी पाडताना पट्टी ठेवून बिनशाईच्या रिफिलने आधी रेघ दाबते, म्हणजे ओल्या हवेतही घडीची धार बसते. पातळ घोटीव कागद तेवढा दूर ठेवते, तो दोन दिवसांत मान टाकतो. पूर्वी मी पताकांना मैद्याची खळ वापरायची, बुरशी धरू नये म्हणून त्यात मोरचूद घालून, पण ते विषारी. घरात लहान मुलं यायला लागल्यापासून मोरचूद बंद केलं, आणि त्याशिवाय खळीला पावसात बुरशी धरते, कसर लागते. म्हणून आता दोऱ्यात ओवते.

बाकी वेळ अक्षरं कापण्यात जातो. सगळ्या बाराखड्या, आकारानुसार पाकिटांत. ती पाकिटं पत्र्याच्या डब्यात, शेजारी पुरचुंडीत भाजलेले तांदूळ. ठोकळ्यांना १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासण्याचा शेवटचा हात मारायला अजून अवकाश आहे, कारण फुगलेलं लाकूड घासून मापात आणलं तर ते नंतर मापाखाली जातं.

घरी करून बघणार असाल तर एवढं करा. सुताराकडून तुकडे घेताना रेषा बघून घ्या, नावाच्या ठोकळ्याला उभीच. गुण्या लावून काटकोन तपासा. कागद ठोकळ्यापेक्षा मिलिमीटरभर मोठा कापा, फेविकॉल पातळ पसरून लाकडाला लावा, कागदाला नको. वाळल्यावर कडेचा जास्तीचा कागद पॉलिश पेपर आतल्या बाजूला ओढत काढा. कात्री लावलीत तर कड कधीच लाकडाला मिळत नाही. पॉलिशचा शेवटचा हात सहाही बाजूंना द्या, खालच्याही. एक बाजू उघडी राहिली की ओल तिथूनच आत जाते.

त्या २०१८च्या घरी मी पुढच्या फेब्रुवारीत नवे चार ठोकळे नेऊन दिले. ती मुलगी आता शाळेत जाते, ठोकळे अजून तिच्या टेबलावर आहेत. गेल्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. घरात धाकटा भाऊ आलाय, बारसं याच महिन्यात आहे. मी काय सांगणार ते त्यांना माहीत होतं. "बारशाला पाळण्यावर कागदाच्या चिमण्या द्या," त्या म्हणाल्या, "ठोकळे तुमच्या सवडीने." चिमण्या करायला घेतल्यात, घडीच्या आहेत, डिंक नाही. नाव तीन ठोकळ्यांचं आहे, अक्षरं कापून पाकिटात ठेवलीत.

काल सकाळी मापाचा ठोकळा काट्यावर ठेवला. ६० भरला. अजून तीन ग्रॅम जायचेत.