प्राण्यांची शरीररचना : सुरुवात म्हशीपासून

प्राण्यांचं चित्रण शिकायचं म्हटलं की बहुतेक जण वाघ नाहीतर घोडा समोर घेतात, तोही मोबाइलवरचा फोटो. कोल्हापुरात राहून असं करणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, पंचगंगेच्या घाटावर धुवायला येतात. अंगावर केस विरळ, कातडी काळी. ओली झाली की प्रत्येक उंचवट्यावर उजेड पडतो आणि हाड कुठं संपतं, स्नायू कुठं सुरू होतो ते सरळ दिसतं. शिवाय धार निघेपर्यंत ती जागची हलत नाही. मालकाला आधी विचारायचं. "मामा, म्हशीचं चित्र काढू का?" म्हटलं की "काढ की, पण मागनं जाऊ नगंस," एवढंच उत्तर येतं. ते मात्र पाळायचं.

मी बाह्यरेषेपासून सुरुवात करत नाही. आधी फक्त हाडांची टोकं ठिपक्यांनी मांडतो: खांद्याच्या पात्याची वरची कड, छातीच्या पुढच्या बाजूला येणारं खांद्याचं टोक, कोपर, कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, शेपटीच्या बाजूचं मागचं टोक आणि मागच्या पायाची टाच. जनावर वाळो, गाभण राहो, ही टोकं कातडीखाली जागच्या जागी सापडतात. पोट आणि मांस त्यांच्याभोवती बदलतं. कमरेची पुढची-मागची टोकं जोडणारी रेघ पुठ्ठ्याचा, म्हणजे मागच्या अंगाचा, उतार देते. म्हशीत ती शेपटीकडे उतरते. हा उतार चुकला की मागचे पाय कितीही घोटून काढले तरी ते दुसऱ्याच जनावराचे वाटतात.

पायांचा घोळ सोडवायला आपलाच हात पुरतो. म्हशीच्या पुढच्या पायातला आपण ज्याला गुडघा म्हणतो तो खरं तर मनगट. त्याखालची नळी म्हणजे तळहाताची तिसरी-चौथी हाडं एक झालेली, आणि दोन खुरं म्हणजे त्याच दोन बोटांची नखं. मागं थोडी वर लटकणारी छोटी खुरं दुसऱ्या आणि पाचव्या बोटाची. मागच्या पायात जो कोन मागं निघतो ती टाच; खरा गुडघा वर, पोटाच्या कातडीच्या घडीपाशी दडलेला असतो. म्हणून पुढचा पाय मुडपला की खूर मागं जातं, आणि मागच्या पायाचं टोक कायम मागंच रोखलेलं. टाच पुढच्या मनगटापेक्षा वर असते. दोन्ही एका रेषेत काढली की जनावर टेबलासारखं उभं राहतं.

हे डोळ्यांनी कळतं, पण हाताला पटायला मटणाच्या दुकानात जावं लागतं. बोकडाचा एक पाया न तोडता, खुरासकट मागायचा. कच्चा असतानाच मागच्या बाजूने कातडी चिरून आतली पांढरी शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) पकडून ओढली की खुरं मागं मिटतात. पुढची ओढली की उघडतात. इतक्या खाली स्नायू जवळपास नसतातच, ताण सगळा वरून येतो. त्यामुळे पुढं मनगटाखाली आणि मागं टाचेखाली फुगवटे काढायचेच नाहीत. हाड, शीर आणि कातडी एवढंच.

नंतर पाया मंद आचेवर शिजवायचा. कुकर लावायचा नाही. बोकड कोवळा असेल तर हाडांची टोकं अजून पक्की जुळलेली नसतात, ती सुटून वेगळी पडतात आणि मग कुठलं कुठं बसवायचं हा नवा खेळ. मांस सुटलं की खुराचं टोपण ओढून काढा. आत बोटाचं शेवटचं हाड खुराच्याच आकाराचं असतं. कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून, पाणी बदलत काही दिवस ठेवलं की चरबी निघते. चरबी राहिली तर हाड पिवळं पडतं आणि वासही मारतं. पांढरं करायला औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरे. कपड्यांचं ब्लीच नको, त्यानं हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. नळीच्या पुढच्या बाजूची मधली खाच बघा: दोन हाडं एक झाल्याची ती खूण. खालच्या टोकाला दोन गोल बोंडं, प्रत्येकावर एक बोट. पुढचा फरा अख्खा मिळाला तर फारच छान, कारण त्यात खांद्याचं पातं येतं. त्रिकोणी, रुंद बाजू वर, आणि बाहेरच्या अंगाला उभी धार. म्हैस चालताना कातडीखाली दिसते ती हीच.

म्हशीला हासळीचं हाड (आपल्या गळ्याखाली खांद्यापर्यंत जाणारं आडवं हाड) नसतं. छाती दोन पात्यांच्या मध्ये नुसत्या स्नायूंवर टांगलेली असते. म्हणून वजन पडलेल्या बाजूचं पातं वर सरकतं आणि पाठीची रेघ चालताना हलते. उभ्या जनावरावरून घेतलेला खांदा चालत्या चित्रात तसाच चिकटवला की चाल मरते. चालीचा क्रमही ठरलेला: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा.

दोन्ही बाजू सारख्या काढू नयेत. मोठं पोट डावीकडे असतं, त्यामुळे वैरणीआधी डावी भकाळी (फासळ्यांमागची खोलगट जागा) खोल दिसते आणि खाऊन झाल्यावर भरून येते. शिंग डोक्यावर ठेवलेलं नसतं. कवटीच्याच हाडाचा गाभा आणि त्यावर टोपण. पंढरपुरी म्हशीचं शिंग लांब आणि मागं वळलेलं असतं, म्हणून आधी कवटीवरचं मूळ पक्कं करून मगच वळण ओढा. कान त्याच्या खाली येतो.

इथून पुढं दुसरी जनावरं सोपी जातात, कारण फरकच तेवढा शोधायचा असतो. खिल्लार बैलाचं वशिंड म्हणजे स्नायू आणि चरबी. आत हाड नाही, म्हणून ते कधी एका अंगाला कलतं. दाजीपूरच्या गव्याच्या पाठीवरचा उंचवटा मात्र मणक्यांच्या लांब काट्यांचा, तो कलत नाही आणि पाठीच्या मध्यावर एकदम संपतो. दोन्ही एकाच पद्धतीनं रंगवलेली चित्रं बाजारात भरपूर दिसतात. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आहेत. प्रमाणं घ्यायला ती चांगली, स्नायूंसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

घोड्याला फासळ्यांच्या १८ जोड्या, म्हशीला १३. घोड्याचं खूर एकच, मधल्या बोटाचं. खांद्यापाशी त्याची उंची साधारण अडीच डोकी भरते. बसल्या जागेवरून उठताना घोडा आधी पुढचे पाय टाकून पुढचं अंग उचलतो. म्हैस मनगटांवर टेकून आधी मागचं अंग उचलते. हे अर्धवट उठणं काढायचं असेल तर पहाटे गोठ्यात जा, झाडलोट सुरू व्हायच्या आधी.