आकडा पुसू नका, पूडही पुसू नका

इजिप्तच्या वस्तूंची जुनी पेटी संग्रहालयाच्या कोठारात उघडली की नव्या माणसाची नजर चित्रलिपीवर खिळते. क्युरेटर आधी वस्तू उलटी करून तळ बघतो. मडक्याच्या बुडाशी किंवा दगडी भांड्याच्या तुकड्यावर खोदकामाच्या वेळी काळ्या शाईने घातलेली खूण असू शकते, आणि ती मिळाली तर निम्मं काम झालं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने १८९९ ते १९०१ दरम्यान इजिप्तमधल्या अबायडोसला पहिल्या राजघराण्याची थडगी पुन्हा खणली. त्याच्या अहवालांत प्रत्येक थडग्याला एक रोमन अक्षर आहे: टी म्हणजे राजा डेन, ओ म्हणजे जेर, झेड म्हणजे जेत. तुकड्यावरचं एकटं ‘टी’ कुणी डाग समजून ॲसिटोनने पुसलं, तर तो तुकडा कायमचा बेवारस होतो.

‘एस. डी.’ (सीक्वेन्स डेट, म्हणजे क्रमातला टप्पा) आणि पुढे दोन आकडी संख्या दिसली तर ते साल नाही आणि थडग्याचा क्रमांकही नाही. राजवंशपूर्व मडक्यांचा क्रम लावताना पेट्रीने ३० ते ८० असे टप्पे पाडले होते. पुढे आणखी जुनं काही सापडेल म्हणून १ ते २९ मोकळे सोडले. दूरदृष्टी म्हणायची ती ही.

जुन्या खुणेचा आधी फोटो काढायचा. नवा नोंद क्रमांक दुसरीकडे, नजरेत न भरणाऱ्या जागी: खाली पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा थर, तो वाळल्यावर शाई, वर पुन्हा थर. पपायरस, कापड आणि रंगवलेलं लाकूड यांवर काहीच लिहायचं नाही. कापडाला सुती फितीची चिठ्ठी, पपायरसच्या काचेच्या चौकटीला लेबल.

मग पूड. चुनखडकाच्या शिलालेखावर पांढरी बुरशी दिसते ती बहुतेक वेळा मीठ असतं. इजिप्तच्या दगडात ते मुरलेलंच असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास वरखाली होत राहिली की साधं मीठ विरघळतं, पुन्हा स्फटिक होतं आणि दर फेऱ्यात अक्षरांचा पृष्ठभाग उचलून पिठासारखा पाडतो. पाण्यात भिजवून मीठ काढायची जुनी रीत होती. पण दगडात चिकणमाती असेल तर ती फुगते आणि शिळेचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे आधी हवा स्थिर करायची, दगडाला हात नंतर.

ओसिरिस देवाच्या कांस्यमूर्तीवरची फिकट हिरवी पूड याहून वाईट. धातूतलं क्युप्रस क्लोराइड ओलावा आणि ऑक्सिजन मिळताच पसरत जातं. पूड झटकली तरी खालची क्रिया चालूच राहते. अशी मूर्ती वेगळ्या हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह, ३५ टक्क्यांखालच्या आर्द्रतेत ठेवायची. खरी पंचाईत लाकडी शवपेटीवर कांस्याच्या भुवया जडवलेल्या असतात तेव्हा होते: लाकडाला आणि त्यावरच्या गेसोला (रंगाखालचा पांढरा लेप) ४५ ते ५५ टक्के लागतात, त्याखाली रंगाचे पोपडे सुटतात. दोघांचं मन राखता येत नाही. माझ्या मते अशा वेळी लाकडाचं ऐकावं आणि भुवया दर महिन्याला भिंगाखाली तपासाव्यात. ओकच्या सुंदर जुन्या कपाटाचा मोह मात्र टाळावा. त्यातून सुटणारी ॲसिटिक आम्लाची वाफ धातू आणि चुनखडक दोघांनाही खाते.

आणि हातमोजे नायट्राइलचेच. जुन्या संग्रहांत किडीसाठी आर्सेनिक वापरलेलं असू शकतं.

शेवटी कागद. इजिप्तच्या १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्यानंतर पुरावस्तूंचा व्यापार बंद झाला. आता देऊ केलेली वस्तू सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को करारापूर्वी देशाबाहेर होती का, हे बहुतेक संग्रहालयं विचारतात. ‘आजोबांच्या संग्रहातली’ एवढ्यावर भागत नाही. खोदकाम करणाऱ्या संस्थांच्या जुन्या वाटप-याद्या आहेत. कुठल्या थडग्यातलं काय कुठल्या संग्रहालयाला गेलं ते त्यांत सापडतं. तळावरचं ते शाईचं अक्षर यादीशी जुळलं, तर वस्तू कशी बाहेर आली याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच.