आवाज कमी ठेवता यावा म्हणून: इन-इअर निवडतानाचा माझा अनुभव

बसमधून उतरले तेव्हा कानात बारीक शिट्टी वाजत होती. बस निघून गेली, रस्ता शांत झाला, तरी शिट्टी चालूच. रात्री उशीवर डोकं टेकलं तेव्हा तर ती आणखीच स्पष्ट झाली. सकाळपर्यंत गेली, पण मी घाबरले ती घाबरलेच. रोज जाता-येता मिळून दोन तास माझं गाणं ऐकणं होतं. फोनवरची आवाजाची पट्टी तेव्हा कुठे असते हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. पंधरापैकी तेरा.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. श्रवणक्षमतेचा आलेख सुदैवाने ठीक निघाला. मग त्यांनी विचारलं, "घरी ऐकता तेव्हा आवाज किती असतो?"

"पाच-सहा."

"मग बसमध्ये तेरा का?"

"इंजिनाच्या वर ऐकू यायला हवं ना."

"म्हणजे तुमची शर्यत बसशी लागलीय," त्या म्हणाल्या. "आणि बस हरणार नाही."

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडून दिला. कामाच्या जागेवरच्या गोंगाटासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा नियम असा: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. गाणी ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आणखी कडक आहे: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. तेव्हा माझे इयरफोन म्हणजे फोनबरोबर आलेले, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे. बाहेरचं सगळं आत, आतलं सगळं बाहेर. शेजारच्या सीटवरच्यालाही माझी आवड माहीत झाली असणार.

म्हणून इन-इअर, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्या इयरफोनच्या खरेदीला निघाले ती एकच अट घेऊन: बसमध्ये बसून पट्टी सहावर ठेवता आली पाहिजे. 'चांगला आवाज' हवाच होता, पण तो या अटीच्या आत.

पहिले दोन दिवस भावाचे नॉइज कॅन्सलिंगवाले ब्लूटूथ इयरफोन वापरून पाहिले. बटण दाबताच इंजिनाची घरघर पुसल्यासारखी गेली, मी चकितच झाले. पण मागच्या सीटवरचं फोनवरचं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. कारण सरळ आहे: ही यंत्रणा मायक्रोफोनने बाहेरचा आवाज टिपून त्याची उलटी लहर कानात सोडते, आणि ते खालच्या पट्टीतल्या, एकसुरी आवाजांवर उत्तम जमतं. वरच्या पट्टीतले, मध्येच उठणारे आवाज तिच्या हातून निसटतात. ते अडवायला कानात नीट बसलेलं बूचच लागतं. शिवाय त्या इवल्याशा डब्यांतली बॅटरी दोन-तीन वर्षांनी थकली की सहसा बदलता येत नाही, सगळंच फेकावं लागतं. मला वस्तू दहा वर्षं वापरायची खोड आहे. म्हणून वायरवाले घ्यायचं ठरवलं. हा माझा हट्ट, तो कुणी सल्ला म्हणून घेऊ नये.

मग वाचन सुरू झालं, आणि तिथे मी दोन आठवडे हरवले. ड्रायव्हर म्हणजे इयरफोनमधला आवाज काढणारा भाग. त्यातला डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे छोटा स्पीकरच: कॉइल, चुंबक आणि पडदा. दुसरा प्रकार बॅलन्स्ड आर्मेचर, श्रवणयंत्रांतून इकडे आलेला, आकाराने इवलासा, म्हणून एका कवचात चार-सहासुद्धा मावतात. जाहिराती ड्रायव्हरची संख्या अशी सांगतात, जणू घराच्या खोल्या मोजतोय. संख्येवरून काहीही कळत नाही, एवढं कळायला मला दोन आठवडे लागले.

कुठल्या सुराला इयरफोन किती आवाज देतो ते दाखवणाऱ्या आलेखांनी तर आणखी गोंधळ घातला. बघावं त्या इन-इअरच्या आलेखात ३ किलोहर्ट्झच्या आसपास मोठा डोंगर. मला वाटलं, हे सगळेच कर्कश दिसतात. उलगडा नंतर झाला. आपला कान म्हणजे एका बाजूने बंद असलेली जेमतेम अडीच सेंटिमीटरची नळी. मोकळ्या कानात ही नळी त्याच पट्ट्यातला आवाज स्वतःच वाढवते आणि मेंदूला जन्मापासून त्याची सवय असते. नळीच्या तोंडाला बूच लावलं की ती वाढ बिघडते, म्हणून इयरफोनला ती पदरची भरून द्यावी लागते. डोंगर नसेल तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. हर्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना प्रत्यक्ष ऐकवून बहुतेकांना रुचेल असा जो नमुना आलेख बसवला, त्यातही तो डोंगर आहे, आणि खाली बेसचा उंचवटाही.

किमतीबद्दल एकच गोष्ट लक्षात राहिली. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने पावणेतीनशेहून अधिक हेडफोनची मोजमापं तपासली. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (म्हणजे तोच आलेख) आणि किंमत यांचा संबंध काही लागला नाही. ते वाचून माझं बजेट मी गुपचूप खाली आणलं.

खरं काम झालं ऑफिसातल्या एका मित्राकडे. त्याच्याजवळ नऊ इन-इअर आहेत. का, हे त्याच्या बायकोलाही माहीत नाही. टिप्स, म्हणजे कानात जाणारी मऊ टोकं, स्पिरिटने पुसून त्याने एकेक माझ्या हातात दिला. पहिला लावला आणि माझं तोंड वाकडं झालं. तबल्याची चाटी टणटणीत, डग्गा गायब. "हा नको, पत्र्याचा आवाज येतोय," म्हणून बाजूला ठेवला. दुसराही तसाच. तिसऱ्याला तो म्हणाला, "अगं, बोटाने जरा आत दाब बघू." दाबला, आणि डग्गा धप्पकन खोलीत आला. बोट काढलं, डग्गा गेला.

दोष माझ्या उजव्या कानाचा होता. टिप आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी बेस तिथून वाहून जातो. वरचे सूर तसेच राहतात, म्हणून इयरफोन पोकळ आणि कर्कश वाटतो. माझ्या डाव्या कानाला मधल्या मापाची टिप बसते, उजव्याला मोठी. इतकी वर्षं हे दोन कान घेऊन हिंडतेय, मला पत्ता नव्हता. आरशात बघून कळण्यासारखं नाहीच ते.

आणखी एक गंमत. मी सुरुवातीला तपासायला तानपुरा लावत होते. काळी एकचा पुरुषी तानपुरा, त्याची खरजाची तार साधारण ६९ हर्ट्झवर, म्हणजे बेसची परीक्षा झालीच, असा माझा हिशेब. पण फट असतानाही खरज मला ऐकू येतच होता! जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला घासून उठणाऱ्या झणझणाटामुळे, त्या तारेतून वरच्या स्वरांची अख्खी रांग निघते, आणि मेंदू त्या रांगेवरून गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. तानपुरा त्यामुळे लबाड साक्षीदार. डग्ग्यावर तळहाताने दाब देऊन जो घुमारा खालून वर सरकवतात, त्याला असं झाकता येत नाही. टिप बसली असेल तर तो सलग सरकतो, नसेल तर मध्येच कुठूनतरी उगवतो. तेव्हापासून माझी कसोटी तीच.

फोमच्या टिप्सही लावून पाहिल्या. चिमटीत वळून बारीक करायच्या, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायच्या आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून बसायचं. बाहेरचं जग खरंच विझतं. पण फोम वरचे सूर थोडे खातो, काही महिन्यांत झिजतो, आणि बसमधून झटपट काढ-घाल करायची तर ती अर्ध्या मिनिटाची पूजा मला जमणारी नव्हती.

मित्राच्या संग्रहातला म्हातारा म्हणजे एटिमोटिकचा ईआर-४. मूळ मॉडेल १९९१ चं, श्रवणयंत्रांवर काम केलेल्या मीड किलियन यांच्या कंपनीचं. त्याची टिप तीन छत्र्या एकीत एक खोचल्यासारखी असते आणि ती खोल जाते. खोल म्हणजे, मी दोनदा "अजून?" विचारलं. आवाज स्वच्छ, आणि शांतता अशी की मित्र समोर बोलत होता आणि मला त्याचे ओठ तेवढे दिसत होते. माझ्या अटीत सगळ्यात चपखल बसणारा हाच. पण दहा मिनिटांत कान दुखायला लागला आणि मी हार मानली. ज्यांना सोसतो त्यांचा मला हेवा वाटतो.

दडा बसल्यासारखं वाटणं हा प्रकारही तिथेच कळला. कान बंद करून चाललं की स्वतःची पावलं डोक्यात धप धप वाजतात, घोट गिळला तरी गडगडाट. हाडांमधून आलेला आवाज एरवी कानाच्या तोंडातून बाहेर निसटतो, बूच लावलं की आतच कोंडतो. खोल बसणाऱ्या टिपला हे कमी होतं, उथळ बसणारीला जास्त. त्यात केबल कपड्याला घासल्याची खरखर वेगळी. केबल कानामागून फिरवून घेतली की ती पुष्कळ कमी होते. मी हे दोन्ही मित्राच्या जिन्यात वर-खाली करून तपासलं. खुर्चीवर बसून यातलं काहीच कळत नाही.

शेवटी तीन उरले. तिघांची तुलना करताना मी पुन्हा फसले. एक नेहमीच जास्त जिवंत, जास्त मोकळा वाटायचा. मित्राने विचारलं, "पट्टी तीच ठेवलीस ना?" हो, तीच. "मग तो नुसता मोठा वाजतोय." तो इयरफोन जास्त संवेदनशील होता, तेवढ्याच विजेत जास्त आवाज देणारा. एखाद्या डेसिबलचा फरक मोठा म्हणून कळत नाही, चांगला म्हणून कळतो. मग पिंक नॉइजचा एकसारखा फसफसाट लावून तिन्ही कानाने जमेल तितके सारखे केले आणि प्रत्येकावर तोच वीस-तीस सेकंदांचा तुकडा ऐकला. जिवंतपणा बराचसा ओसरला. डोळे मिटूनही पाहिलं, पण प्रत्येकाचा कानातला स्पर्शच वेगळा, ओळख लगेच पटते. आंधळी परीक्षा इथे खऱ्या अर्थाने होतच नाही.

सारख्या आवाजात एक ताबडतोब बाद झाला. गायिकेच्या प्रत्येक 'स' आणि 'श'ला सुईचं टोक लागत होतं. ५ ते ८ किलोहर्ट्झच्या मध्ये कुठेतरी त्याचा तोल गेला होता. दुसरा पाच आर्मेचरवाला, तपशील इतका की गायिकेचा श्वास मोजता यावा. पण माझ्या फोनच्या डोंगलवर (वायर जोडायच्या छोट्या तुकड्यावर) दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत बारीक सूं ऐकू यायचं, आणि माझ्या जुन्या प्लेयरवर लावला तर त्याचा स्वभावच बदलला. असल्या अनेक ड्रायव्हरवाल्यांचा रोध (विजेला होणारा अडथळा, इम्पीडन्स) फ्रीक्वेन्सीगणिक वर-खाली होतो. प्लेयरचा स्वतःचा आउटपुट रोध जास्त असेल तर आवाजाचा तोलही त्याबरोबर हलतो. प्लेयरचा रोध इयरफोनच्या आठव्या हिश्शाच्या आत असावा असा ढोबळ नियम आहे. माझा प्लेयर त्यात बसत नसणार.

तिसरा घेतला. एकच डायनॅमिक ड्रायव्हर, छोटं कवच, दोन पिनांची सुटी होणारी केबल. नाव मुद्दाम लिहीत नाही, माझा उजवा कान तुमच्याकडे नाही. कानात सरकवताना त्याच्या आतून कधीकधी 'कुर्र' असा कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. कोंडलेल्या हवेने पडदा वाकतो, त्याचा तो. आधी दचकायचे, आता हळू लावते.

पहिल्या दिवशी बसमध्ये पट्टी सातवर ठेवली. आठवड्याने सहावर आली. सुरुवातीला कमी वाटायचं. कमी आवाजाला आपल्या कानाला बेस आणखीच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून ठेवलंय. म्हणून इक्वलायझरमध्ये खालचा भाग किंचित उचलला. रस्ता ओलांडताना मात्र एक इयरफोन काढून हातात घेते. या शांततेत हॉर्नही विझतो, हे एकदा अगदी जवळून कळलं.

चार महिन्यांनी उजवी बाजू मंद झाली. डावी-उजवी अदलाबदल केली, केबल बदलली, टिप बदलली, दोष त्याच तुकड्यात. तक्रारीचा मेल लिहूनही झाला होता. पाठवण्याआधी सहज टिप काढून नळीचं तोंड उजेडात धरलं. जाळीवर कानातल्या मळाचा पिवळट पापुद्रा. इयरफोन उलटा, तोंड खाली करून कोरड्या मऊ ब्रशने हळूहळू झाडला. कण खाली कागदावर पडले. परत लावून डग्ग्याचा तोच तुकडा वाजवला.

घुमारा खालपासून वरपर्यंत सलग गेला. मेल खोडला आणि ब्रश इयरफोनच्या डबीत टाकला.