आमची वाटचाल : भाता, रापी आणि काळा ऑइलपेंट

फोल्डिंग कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधली काळी घड्यांची पिशवी, म्हटलं की बडोद्यात आज आमच्या दुकानाचं नाव निघतं. मधल्या काळात हेच नाव लोक तोंड वाकडं करून घेत होते, आणि त्याचं कारण आमचं काम नव्हतं, दुसऱ्याचं होतं. हे एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं.

दुकान वडिलांनी काढलं. या शहराला फोटोचा नाद जुना. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केलं, दादासाहेब फाळके फोटोग्राफी तिथे शिकले. पुढे अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा बडोद्यातच बनायला लागला. त्याला भाता नाही, त्यामुळे तो आमच्या टेबलावर क्वचितच आला. आमचं काम आयसोलेट, नेटार, इकोंटा, बेसा, मॉस्क्वा या वन-ट्वेंटी (१२०) रोल फिल्मच्या फोल्डिंग कॅमेऱ्यांचं आणि स्टुडिओतल्या स्टँड कॅमेऱ्यांचं.

वडिलांचे पहिले भागीदार वाजापेटीचे कारागीर होते. केरळातल्या अलेप्पीचा वागेश्वरी कॅमेराही असाच जन्मला : वाद्यं दुरुस्त करणाऱ्या घरी एक स्टुडिओवाला भाता घेऊन आला आणि त्या घरानं पुढे सबंध सागवानी कॅमेराच बनवला. पण पेटीच्या भात्याला हवा अडवायची असते, तिथे चामडं जाड असलं तरी चालतं. कॅमेऱ्याच्या भात्याला उजेड अडवून शिवाय मिटून जवळजवळ नाहीसं होऊन कॅमेऱ्याच्या पुढच्या दाराआड बसायचं असतं. भागीदारकाकांनी ते रापीनं साधलं. चांभाराची साधी रापी, पण तिला धार लावण्यात त्यांची अर्धी सकाळ जाई. शेळीचं चामडं काचेवर उलटं पसरून ते ०.३ मिलिमीटरपर्यंत तासत. चामडं ओढायचं नाही, रापी ढकलायची. ओढलं की ताणलेल्या जागी चामडं विरळ होतं आणि पहिलं भोक तिथेच पडतं. ती रापी आजही वापरात आहे.

भोक कोपऱ्यातच का पडतं, हे या धंद्यातल्या निम्म्या लोकांनी कधी विचारलेलं नाही. भात्याच्या सपाट बाजूंना आतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात, कोपऱ्यात नसतात. असत्या तर घडीच पडली नसती. म्हणजे तीन घड्या मिळतात त्या बिंदूवर नुसतं कापड किंवा चामडं, आणि कॅमेरा उघडला-मिटला की प्रत्येक वेळी तोच बिंदू मुडपतो. झाईस कंपनीचे चामडी भाते हे दशकानुदशकं सोसतात. अ‍ॅग्फा आयसोलेटचा भाता कृत्रिम कापडाचा, त्याचे कोपरे हमखास जातात. आयसोलेट हातात आला की आम्ही भोकं शोधत नाही, मोजतो.

तपासणी अंधाऱ्या खोलीत होते. डोळे सरावायला दहा मिनिटं द्यायची, मागचं दार उघडून वायरीवरचा छोटा एलईडी भात्यात सोडायचा आणि भाता पूर्ण उघडा, पाऊण उघडा, अर्धा उघडा असा तिन्ही ठिकाणी फिरवून पाहायचा. काही भोकं ताणल्यावर मिटतात आणि अर्ध्यावर उघडतात. फिल्मवरूनही निदान होतं. डाग चौकटीच्या आतच आणि कडा मऊ असतील तर उजेड भात्यातून आलेला. डाग फिल्मच्या काठापर्यंत पसरला असेल किंवा फिल्मच्या मागच्या कागदावरचे आकडे उमटले असतील तर दोष दाराचा किंवा ते आकडे पाहायच्या लाल खिडकीचा. तिथे भाता बदलून पैसे घेणं ही फसवणूक आहे. भोक भात्याच्या डाव्या कोपऱ्यात असेल तर डाग बहुतेक उजवीकडे पडतो, कारण किरण तिरपा जातो.

आता ज्याच्या कामामुळे आमचं नाव खराब झालं त्या दुकानाबद्दल. नाव लिहीत नाही, शहरातल्या जुन्या लोकांना ते माहीत आहे. आमच्याकडे शिकलेला एक कारागीर तिकडे गेला आणि निम्म्याहून कमी दरात भाते ‘नवे’ होऊ लागले. तिथे दोनच कामं होत. भोकं थोडी असली तर कोपऱ्यांवर काळा ऑइलपेंट. जास्त असली तर भाताच रेक्झिनचा.

ऑइलपेंट वाळून कडक होतो. घडीवर तो तडकतो, त्याच्या खपल्या सुटून आत पडतात. खपली फिल्मवर बसली की तेवढ्या जागी उजेड पोचत नाही, निगेटिव्ह कोरी राहते आणि प्रिंटवर काळा ठिपका येतो. गिऱ्हाइकाला वाटतं फिल्म खराब निघाली. त्यातून रंग नीट सुकायच्या आत कॅमेरा मिटला तर घड्या एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या वेळी दार उघडताना कोपरा उभा फाटतो.

रेक्झिनचं नुकसान याहून मोठं. हिशेब असा : ०.३ चं चामडं, ०.२ चा पुठ्ठा, ०.१५ चं आतलं काळं कापड, मिळून ०.६५. सोळा पट्ट्यांचा भाता मिटला की सुमारे साडेदहा मिलिमीटर. चामड्याच्या जागी आलेलं रेक्झिन एकटंच ०.८, म्हणजे पुठ्ठा-कापडासकट तोच भाता साडेअठरावर जातो. मूळ कारखान्यानं एवढी जागा ठेवलेलीच नसते. मग दार दाबून बसवतात. दाराच्या कमानी किंचित वाकतात, लेन्सची पाटी कलते. एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक असताना, हे लपतं. एफ ४.५ ला, तोंड मोठं उघडं असताना, फोटोची एक बाजू मऊ येते. उन्हात फोटो काढणाऱ्याला सहा महिने पत्ता लागत नाही, संध्याकाळच्या लग्नात लागतो. बडोद्याच्या मे महिन्यात रेक्झिन चिकट होतं, हे आणखी वेगळं.

आम्ही दुरुस्त केलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या दाराआड आमच्या शिक्क्याची चिठ्ठी असते. एकदा आमच्याकडे येऊन गेलेले कितीतरी कॅमेरे पुढे स्वस्तात तिकडे गेले. भाता तिथला, चिठ्ठी आमची. दोष उघडा पडला तेव्हा लोकांनी चिठ्ठी वाचली. मुंबई-पुण्याचे व्यापारी, जे पेटीनं कॅमेरे पाठवत, त्यांनी पाठवणं बंद केलं. चामड्याची उधारी थकली, घड्या दाबायचा बाइंडिंगचा प्रेस विकायला काढला. त्या दुकानानं चिठ्ठ्या जाणूनबुजून राहू दिल्या, असं आमचं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

त्या दिवसांत दांडिया बाजारातले एक काका उभे राहिले. त्यांचा सुपर इकोंटा वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे येतो. फिल्म स्वतः धुणारे, निगेटिव्हच्या प्रत्येक पट्टीच्या पाकिटावर एफ नंबर आणि शटर लिहिणारे. त्यांनी ओळखीतून रेक्झिन बसवलेला एक कॅमेरा मिळवला, आपला इकोंटा शेजारी ठेवला आणि दोन्हींनी एकाच विटांच्या भिंतीचे फोटो एफ ४.५, ८ आणि ११ ला काढले. विटांच्या ओळी डावीकडे कुठे विरघळतात ते कुणालाही दिसत होतं. ते प्रिंट घेऊन काका स्वतः स्टुडिओ-स्टुडिओतून फिरले. प्रेस विकला गेला नाही. तेव्हापासून आमच्याकडे एलईडीची तपासणी गिऱ्हाइकाला अंधाऱ्या खोलीत बसवून, कामाआधी आणि कामानंतर, अशी दोनदा होते.

पुढची वर्षं कामात गेली.

नवा भाता करायला शिकू पाहणाऱ्यांनी चार गोष्टी ऐकाव्यात. जुना भाता फेकू नका, तोडूही नका. सांध्यावर वाफ देऊन सोडवा, सपाट करा, घड्या मोजा, ट्रेसिंगवर उतरवा. फोल्डिंगचा भाता पुढे निमुळता असतो, म्हणून चार बाजू शेजारी मांडल्या की पंख्यासारखा आकार होतो. सांधा तळाच्या बाजूच्या मधोमध घ्या, कोपऱ्यात कधीच नाही. सांध्यात एकावर एक येणारा पदर सहा ते आठ मिलिमीटर. पट्ट्यांमध्ये एक ते दीड मिलिमीटर फट ठेवा. फट कमी पडली तर घडी मोडत नाही, जास्त झाली तर भाता पोट काढून फिल्मच्या वाटेत येतो आणि फोटोचा कोपरा कापतो. आतलं कापड रबर चढवलेलं, शटरच्या पडद्याचं घ्या. मंगळबाजारातलं काळं कापड कितीही दाट दिसलं तरी एलईडीपुढे ते चाळणी ठरतं. घड्या रुंद बाजूकडून, हाडाच्या पट्टीनं, एकेक करून पाडा आणि चोवीस तास प्रेसखाली ठेवा. घाई केली तर भाता कायम फुगलेला राहतो.

दोन-तीनच भोकं असतील तर भाता बदलूही नका. काळा फॅब्रिक पेंट आणि लवचीक रबरी डिंक निम्मे-निम्मे, काडीच्या टोकानं, बाहेरून, पातळ दोन हात. दोन हातांच्या मध्ये आणि शेवटी भाता उघडा ठेवून चोवीस तास सुकू द्या. मग बाहेरच्या घड्यांवर शंखजिऱ्याची भुकटी फिरवून ब्रशनं पूर्ण झाडा. आत कण गेला तर तो फिल्मवरच बसणार. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल शटरच्या धातूला खातं.

आणि ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी दार खटकन उडू देऊ नये, बोटानं धरून सावकाश उघडावं. भाता एकदम फुलला की हवा ओढली जाते, फिल्म तिच्या जागेवरून पुढे खेचली जाते आणि फोकस जातो. फिल्म पुढे सरकवायची ती कॅमेरा उघडल्यावर, आधी नाही. पावसाळ्यात चामडी केसमध्ये ठेवू नका, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि दर महिन्याला एकदा उघडून मिटा. चामड्याला तेल लावू नका, ते झिरपून लेन्सवर धूसर थर येतो.

पार्सल पाठवणाऱ्यांसाठी : लेन्स-शटर काढू नका. मागची रिंग सोडताना तिच्याखालची पातळ चकती हरवते आणि अनंताचं, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंचं, फोकस पुन्हा बसवावं लागतं. दोष दिसलेली निगेटिव्ह असेल तर सोबत द्या, ती कापू नका, सबंध पट्टी हवी. कॅमेऱ्यात आधी ऑइलपेंट लागलेला असेल तर तसं लिहा, कारण तो भाता दुरुस्त होत नाही, नवाच करावा लागतो. आयसोलेट, इकोंटा आणि मॉस्क्वा-५ चे लाकडी फर्मे, म्हणजे भात्याचे साचे, तयार आहेत. बाकीच्यांना फर्मा करायचा वेळ वेगळा धरा.