उमेदवारी (अप्रेंटिसशिप) शोधताय? आधी एवढं विचारा

लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या मशीनच्या, चकमध्ये (तुकडा पकडणाऱ्या जबड्यात) तो आवळायची चावी तशीच ठेवून मी मागे वळलो आणि उस्तादांनी मुख्य स्विच बंद केला. "मशीन फिरलं असतं तर ही चावी कुणाच्या तरी तोंडावर बसली असती." त्या दिवशी पुन्हा मशीनला हात लावू दिला नाही. वर्गात हा नियम मी वहीत उतरवला होता. हातात तो त्या दिवशी उतरला.

उमेदवारीत हेच मिळतं. जाणत्या माणसाशेजारी उभं राहून शिकायचं, त्या काळात विद्यावेतन घ्यायचं, सोबत थोडा वर्ग आणि शेवटी परीक्षा. करार लेखी, मुदत ठरलेली. जर्मनीत मुलं आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे कामावर असतात, साधारण दोन ते साडेतीन वर्षं. तिथे तीनशेहून जास्त व्यवसाय असे शिकता येतात. त्यात बँकेचं काम आहे, दवाखान्यातलंही आहे. म्हणजे उमेदवारी फक्त फिटर-टर्नरची, हा समज सोडून द्या.

माझी पहिली जागा मात्र फुकट गेली. चार महिने मी कातलेल्या धातूचा बुरा झाडला आणि तयार तुकडे उचलून ठेवले. काय शिकवणार, हे करारात कुठेच नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा: मला शिकवणार कोण? सहा महिन्यांनी मी काय करत असेन? वर्गाला सुट्टी मिळेल का? परीक्षा कोण घेणार? आधीच्या मुलांपैकी कितीजण शेवटपर्यंत टिकले? जमलं तर त्यांच्यापैकी एकाला गाठाच. आणि जागा देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथून उठून या.

सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा, शिकत असाल त्या संस्थेतही सांगून ठेवा. पण छोट्या वर्कशॉपची जाहिरात बहुतेक वेळा येतच नाही. तिथे स्वतः जावं लागतं, आणि जाताना हाताने केलेलं काहीतरी सोबत न्यावं.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी कानशीने घासलेला लोखंडी ठोकळा घेऊन आली. मी काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडाकडे धरला. तीन बाजू चोख, चौथीखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "सर, ती बाजू शेवटी घासली. तिथे घाई केली मी."

सोमवारपासून ये, म्हटलं.